मानेतलं कलम

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करायची तर पाठीतूनच शिरावं लागणार, असं आपण धरून चालतो. मानेच्या बाबतीत मात्र डॉक्टर बहुतेक वेळा समोरून, गळ्यातून जातात. श्वासनलिका, अन्ननलिका, थायरॉइड, आवाज सांभाळणारी नस, मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी एवढी दाटी असलेल्या जागेतून, चार-पाच सेंटिमीटरच्या छेदातून ते थेट मणक्यांपर्यंत पोचतात. या वाटेवर कापावं लागतं ते फारच थोडं. त्वचा, तिच्या लगतचा एक पातळ स्नायू आणि काही तलम पडदे. पुढे बाकीचं सगळं फक्त बाजूला सारायचं असतं.

गळ्याच्या बाजूला बोट टेकवलं की ठोके लागतात, ती कॅरॉटिड धमनी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही बोटाने तेच ठोके चाचपतात. धडधडणारी धमनी आणि तिच्यावरचा मोठा स्नायू बाहेरच्या बाजूला, श्वासनलिका आणि अन्ननलिका मधल्या बाजूला. या दोहोंच्या मध्ये निसर्गानेच एक फट ठेवलेली आहे. त्या फटीत बोट सरकवत गेलं की टोकाला कठीण लागतं, तो मानेचा कणा. मोठी रक्तवाहिनी न तोडता, कुठलाही मोठा स्नायू न कापता शरीराच्या इतक्या आत जाता येतं, हे पहिल्यांदा कळलं की थक्क व्हायला होतं.

या शस्त्रक्रियेला डॉक्टरमंडळी ‘एसीडीएफ’ म्हणतात. मानेतली झिजलेली किंवा सरकलेली गादी पुढून काढून टाकायची आणि तिच्या वरचा व खालचा असे दोन मणके कायमचे एक करायचे, असा तिचा सरळ अर्थ. ‘मणका फ्यूज केला’ असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. पण यातली खरी नवलाची गोष्ट शस्त्रक्रियागृहात घडतच नाही. ती पुढचे काही महिने, रुग्ण घरी चालत-फिरत, जेवत-झोपत असताना घडते.

मानेत सात मणके असतात. उंदराच्या मानेत सात, माणसाच्या सात आणि जिराफाच्याही सातच; जिराफाचा एकेक मणका तेवढा वीतभर लांब. सस्तन प्राण्यांत हा आकडा मोडणारे दोनच, स्लॉथ आणि मॅनेटी. आपल्या सात मणक्यांवर साडेचार-पाच किलोचं डोकं दिवसभर तोललेलं असतं. ते सरळ असतं तोवर ठीक. खाली वाकून पाहू लागलो की मणक्यांवरचा भार भराभर वाढतो. अमेरिकेतले मणक्याचे डॉक्टर केनेथ हन्सराज यांनी २०१४ साली गणिताने काढलेला अंदाज असा, की मान ६० अंशांत झुकली तर मानेवर सुमारे २७ किलोइतका भार येतो. मोबाइल मांडीवर ठेवून पाहताना आपली मान साधारण तशीच असते.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. आत जेलीसारखा पाणीदार गर, भोवती चिवट तंतूंची कडी. प्रौढ शरीरात रक्तवाहिन्यांशिवाय जगणारा हा सगळ्यात मोठा भाग. वरच्या-खालच्या हाडातून जे काही झिरपून येईल, त्यावरच तिचं पोषण. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, उंची घटते, कड्यांना भेगा पडतात. त्यातून कधी गर मागे डोकावतो, तर कधी शेजारच्या हाडांना काटेरी वाढ फुटते. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये असं काहीतरी दिसतंच आणि त्यातल्या अनेकांना कसलाही त्रास नसतो. म्हणून एमआरआयचा अहवाल वाचूनच धसका घेण्याचं कारण नाही. दुखणं माणसाचं असतं, फिल्मचं नव्हे.

त्रास होतो तो दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा म्हणजे नस दबणं. मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना आठ-आठ नसा निघतात आणि प्रत्येकीचा इलाखा ठरलेला आहे. सहावी नस दबली की मुंग्या अंगठ्याकडे येतात. सातवी दबली तर मधल्या बोटाकडे, शिवाय कोपर सरळ करण्याचा जोर कमी होतो. आठवी दबली तर करंगळी बधिर. त्यामुळे ‘कुठल्या बोटाला मुंग्या येतात?’ एवढं विचारूनच अनुभवी डॉक्टर कुठली गादी सरकली असेल याचा अंदाज बांधतात. हातात कळा येतात, त्या असह्य असतात, रात्र-रात्र झोप नसते. तरीही यातली बहुतेक दुखणी ऑपरेशनशिवाय उतरतात. कारण बाहेर आलेल्या गराला शरीर परकं मानतं, भक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि काही आठवड्यांत, महिन्यांत तो तुकडा आक्रसत जातो. पुन्हा एमआरआय काढला तर कित्येकदा तो दिसतही नाही.

दुसरी तऱ्हा अधिक गंभीर आणि बरीच मुकी. इथे दबते ती खुद्द मज्जारज्जू. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे सगळे निरोप हिच्यातून जातात आणि मानेत पुढून मागे मोजली तर तिची जाडी जेमतेम ७-८ मिलिमीटर. तिच्यावर हळूहळू दाब वाढला तर दुखतंच असं नाही. शर्टाचं बटण लावायला वेळ लागू लागतो. सही बदलते. हातातून कप निसटतो. अंधारात चालताना तोल जातो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. घरातले म्हणतात, ‘वय झालं.’ आणि तिथेच घात होतो.

यासाठी एक साधी चाचणी आहे. जपानमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ती मांडली. हात पुढे करायचे, तळवे खाली, आणि दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा पूर्ण मिटता-उघडता येईल तितक्या वेळा मिटायची-उघडायची. निरोगी माणसाचा आकडा साधारण वीस किंवा त्याहून अधिक येतो. मज्जारज्जू दबलेल्या माणसाची बोटं उघडताना रेंगाळतात. बोटं जुळवून सरळ धरायला सांगितली तर करंगळी आपोआप बाजूला सरकू लागते. मेंदूचा हुकूम मानेत अडतोय, हे ती करंगळी सांगते. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. पण आकडा फारच कमी येत असेल तर मणक्याच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. या दुसऱ्या तऱ्हेत वाट पाहून सहसा फायदा होत नाही.

मणके जोडण्याची कल्पना जुनी आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथे बर्थोल्ड हाड्रा यांनी मान मोडलेल्या रुग्णाच्या मणक्यांची मागची टोकं चांदीच्या तारेने एकमेकांना बांधली. १९११ मध्ये न्यू यॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड ॲल्बी यांनी स्वतंत्रपणे मणक्यांचं खरंखुरं सांधकाम केलं. त्यांच्यासमोर प्रामुख्याने मणक्याच्या क्षयाचे रुग्ण होते. कणा वाकत जाऊ नये म्हणून हाडाला हाड जोडायचं होतं. समोरून जाण्याची वाट १९५० च्या दशकात सापडली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९५५ मध्ये आपली पद्धत जाहीर केली. तिकडे होनोलुलूत राल्फ क्लोवर्ड स्वतंत्रपणे त्याच वाटेने निघाले होते. त्यांचा लेख १९५८ मध्ये आला. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा जखमींच्या डोक्याच्या शस्त्रक्रिया करणारे न्यूरोसर्जन ते हेच.

आज ही शस्त्रक्रिया कशी होते? रुग्ण पूर्ण भुलेत, उताणा. मणक्यापर्यंत पोचल्यावर डॉक्टर आधी एक गोष्ट नक्की करतात: आपण योग्य गादीपाशी आहोत ना? आत सगळे मणके सारखेच दिसतात. म्हणून गादीत एक सुई टोचून तिथल्या तिथे एक्स-रे घेतात. सुई जास्त आत जाऊ नये म्हणून तिला आधीच बाक दिलेला असतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली गादी तुकड्या-तुकड्याने काढली जाते. समोरून मागे, मागे, अगदी मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत. काटेरी हाड बारीक ड्रिलने घासून काढतात. नसेची वाट मोकळी होते. दबलेलं आवरण पुन्हा फुगून वर येताना दिसतं, तेव्हा डॉक्टरांना कळतं की दाब सुटला.

गादीच्या रिकाम्या जागेत साधारण ६ ते ८ मिलिमीटर उंचीचा ठोकळा बसतो. पूर्वी तो रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढत आणि कित्येकांना मानेपेक्षा कंबरच जास्त दिवस दुखे. आता बहुधा टायटॅनियमचा किंवा पीक नावाच्या कणखर प्लास्टिकचा पोकळ ‘केज’ घालतात, त्यात हाडाचा चुरा भरतात आणि गरजेप्रमाणे पुढून छोटी प्लेट चार स्क्रूंनी बसवतात. एका गादीचं काम असेल तर साधारण दोन तासांत आटोपतं.

आणि इथून पुढे डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. प्लेट आणि स्क्रू मणके जोडत नाहीत. ते त्यांना हलू न देता धरून ठेवतात. कोकणातला माळी आंब्याचं कलम बांधतो तेव्हा दोन्ही फांद्यांच्या ओल्या बाजू तासून एकमेकींना भिडवतो, घट्ट बांधतो आणि थांबतो. जोडायचं काम झाड करतं. डॉक्टरांनीही मणक्यांच्या समोरासमोरच्या बाजू अशाच तासून, रक्त पाझरेपर्यंत ताज्या करून ठेवलेल्या असतात.

त्या जागेत आधी रक्त साकळतं. त्यातून निघणाऱ्या रसायनांच्या हाकेला पेशी धावून येतात. एक जात जुनं, मृत हाड खाऊन जागा साफ करते, दुसरी नवं हाड घालते. केसाहून बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या चुऱ्यात शिरतात. आधी मऊ, अस्ताव्यस्त जाळं तयार होतं, मग त्यात कॅल्शियम भरतं, आणि पुढचे कित्येक महिने शरीर ते जाळं मोडून पुन्हा रचत राहतं, जिथे दाब जास्त तिथे हाड दाट. जर्मन शल्यविशारद युलिउस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये हाडाचा हा स्वभाव नियम म्हणून मांडला: हाडावर जसा भार, तशी त्याची घडण. मानेत तो भार पुरवतं आपलंच डोकं. वर बसल्याबसल्या ते ठोकळ्यावर दाब देत राहतं आणि तो दाब सांधा पक्का करायला मदत करतो. रॉबिन्सन यांचा तर भरवसा होता की मणके एकदा स्थिर झाले की काटेरी हाडं आपोआप विरघळू लागतील, आणि काही रुग्णांमध्ये तसं झालेलं पुढच्या एक्स-रेमध्ये दिसलं.

हाडाला हाड होण्याचा हुकूम देणारं काहीतरी हाडातच असतं, हे १९६५ मध्ये लॉस एंजेलिसचे मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं. आम्लाने क्षार काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा त्यांनी प्राण्याच्या स्नायूत पुरला आणि तिथे, स्नायूच्या मधोमध, नवं हाड उगवलं. त्यामागचं प्रथिन पुढे औषध म्हणून आलं. पण मानेच्या पुढच्या भागात ते वापरल्यावर काहींचा गळा धोकादायक सुजला, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये इशारा दिला. शरीराच्या या कारागिरीला घाई केलेली चालत नाही.

शुद्धीवर आल्यावर अनेकांना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे हातातली कळ गेलेली असते. महिनोन्‌महिने छळणारी कळ काही तासांत नाहीशी. त्याऐवजी घसा दुखतो, घास गिळताना अडखळतो, आवाज थोडा घोगरा होतो, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आखडतं. अन्ननलिका आणि आवाजाची नस बाजूला धरून ठेवल्याचा हा परिणाम. बहुतेकांचा तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. तोवर मऊ भात, खिमट, पेज, थंड दही. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चालवतात आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. मात्र गळा झपाट्याने सुजू लागला, श्वास घ्यायला त्रास झाला, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा हातापायांतली ताकद कमी झाली तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.

मग येतो खरा परीक्षेचा काळ, कारण दुखत तर नसतं आणि हाड अजून जुळलेलं नसतं. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंड, यांतलं काहीही उचलायचं नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीच्या मागच्या सीटवर बसायचं नाही. पट्टा कुणाला काही आठवडे लावायला सांगतात, कुणाला अजिबात नाही. ते आपल्या डॉक्टरांवर सोपवावं. चालणं मात्र रोज, आणि रोज थोडं वाढवत. वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण त्यांतल्या काही हाड जुळण्याच्या कामात आडव्या येऊ शकतात. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, अशा टप्प्यांवर एक्स-रे निघतात. शेवटी मान पुढे वाकवून एक आणि मागे नेऊन एक एक्स-रे काढतात. दोन्हींत जोडलेल्या मणक्यांच्या मागच्या टोकांमधलं अंतर एक मिलिमीटरनेही बदललं नाही, तर सांधा जुळला असं धरायला डॉक्टरांना आधार मिळतो.

हाड एका गतीने बरं होतं, नस दुसऱ्या. नसेचे तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, आणि मानेपासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर सत्तर-ऐंशी सेंटिमीटर. म्हणूनच कळ लगेच गेली तरी बधिरपणा आणि अशक्तपणा जायला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं, आणि कधी थोडा उरतोच. अमेरिकन फुटबॉलचा महान क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचं उदाहरण बोलकं आहे. २०११ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या मानेचे मणके जोडले. चेंडू फेकणाऱ्या हाताचा जोर गेलेला होता. तो अख्खा हंगाम तो खेळला नाही. २०१३ च्या हंगामात त्याने ५५ टचडाउन पासचा विक्रम केला आणि २०१६ मध्ये, ३९ व्या वर्षी, सुपर बोल जिंकला. मणके जुळले होते, ताकद बरीचशी परतली होती. बोटांच्या टोकांची संवेदना मात्र पूर्ववत झाली नाही, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. ज्यांची मज्जारज्जूच दबलेली असते त्यांच्यात तर ऑपरेशनचा पहिला हेतू पुढची पडझड थांबवणं हा असतो. सुधारणा किती होईल हे बरंचसं किती लवकर आलात यावर ठरतं.

‘मग मान वळणार कशी?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. उत्तर दिलासा देणारं आहे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ निम्मा फेर सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होतो, आणि होकार देताना मान हलते त्यातला मोठा वाटा कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये. खालच्या पाच मणक्यांत उरलेली हालचाल वाटून जाते. पाचवा आणि सहावा मणका एक झाला तरी रोजच्या वागण्यात बहुतेकांना ते जाणवतही नाही.

वरचे दोन मणके निसटले तर मात्र प्रश्न जीवन-मरणाचा होतो, कारण तिथे दबते ती श्वास चालवणारी वाट. या जागी जगाला रस्ता दाखवण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी परळच्या केईएम रुग्णालयात असताना पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याला वेगवेगळे स्क्रू घालून प्लेटने जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये तिचं एक रूप मांडलं आणि आज ही पद्धत ‘गोयल-हार्म्स’ नावाने जगभर शिकवली जाते. जे सांधे जागेवर बसणारच नाहीत असं समजलं जाई, ते उघडून, जागेवर परत आणून बसवता येतात, हेही गोयल यांनीच दाखवलं. इथे मान वळण्याचा मोठा हिस्सा गमवावा लागतो. त्या बदल्यात माणूस चालता-बोलता राहतो.

या शस्त्रक्रियेचं देणंही आहे. दोन मणके एक झाले की त्यांची हालचाल शेजाऱ्यांच्या अंगावर पडते. अमेरिकेत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की दर वर्षी सुमारे तीन टक्के रुग्णांमध्ये शेजारच्या गादीने त्रास सुरू केला. त्यात मूळची झीज किती आणि जोडणीचा दोष किती, यावर डॉक्टरांत आजही वाद आहे. म्हणून योग्य त्या रुग्णात आता हलणारी कृत्रिम गादी बसवण्याचा पर्यायही असतो. तो आपल्याला लागू आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हाड जुळण्याच्या आड येणारा सगळ्यात मोठा, आणि टाळता येण्याजोगा, शत्रू म्हणजे निकोटिन. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि हाड घालणाऱ्या पेशींना काम करू देत नाही. सिगारेट-बिडीतून येतं तसंच ते मळलेल्या तंबाखूतून, गुटख्यातून आणि आपल्याकडे कितीतरी आया-आज्या दातांना लावतात त्या मिश्रीतूनही येतं. ‘मी ओढत नाही, फक्त मिश्री लावते’ असं डॉक्टरांपुढे लपवू नका. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे आणि नंतर कित्येक महिने तंबाखू पूर्ण बंद ठेवा, साखर ताब्यात ठेवा, जेवणात डाळी, दूध, अंडी असू द्या. केस कापून झाल्यावर कटकन मान मोडून घेण्याची सवय तर कुणीच ठेवू नये, ऑपरेशन झालेल्याने तर नाहीच. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते.

‘मणक्याला हात लावला की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो’ ही भीती आपल्या घराघरांत आहे. धोका कुठल्याच शस्त्रक्रियेत शून्य नसतो, आणि केवळ मान दुखते म्हणून कुणी मणके जोडून घेऊ नयेत. पण हातातली ताकद सरत असेल, चाल अडखळत असेल, बटणं लागत नसतील, तर ऑपरेशनपेक्षा वाट पाहणंच जास्त धोक्याचं आहे. घरात असं कुणी असेल तर त्यांना आज मूठ मिटा-उघडायला सांगा, आणि बोटं रेंगाळताना दिसली तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.